शिकागोच्या आगीचे शिळाछाप चित्र : पुरावा की विक्रीचा माल?

मूळ मत
शिकागोच्या १८७१ च्या आगीचा विषय निघाला की हमखास पुढे केले जाणारे चित्र न्यूयॉर्कच्या ‘करियर अँड आइव्ह्ज’ या छापखान्याचे शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखून छापलेले, आहे. रँडॉल्फ रस्त्याच्या पुलावर पळणाऱ्या माणसांची आणि घोडागाड्यांची दाटी, नदीत जहाजांच्या डोलकाठ्या आणि पलीकडे एकाच वेळी धडधडणारे सगळे शहर. प्रत्यक्षात ८ ऑक्टोबरच्या रात्री लागलेली आग १० तारखेला पाऊस येईपर्यंत वस्त्यांमागून वस्त्या गिळत गेली. हे दृश्य एका नजरेत कोणालाच दिसले नसणार. दिवाणखान्यात टांगण्यासाठी विकलेल्या चित्राला पुरावा म्हणणे मला पटत नाही. त्यापेक्षा ‘हार्पर्स वीकली’ या सचित्र साप्ताहिकातले जॉन चॅपिनचे चित्र पाहावे, तो त्या रात्री शहरात होता आणि त्याच पुलाजवळ बसून रेखाटन करत होता.

प्रतिसाद १
चॅपिनने रेखाटले हे खरे, पण वाचकाच्या हाती त्याची पेन्सिल पडली नाही. अशी मोठी चित्रे लाकडाचे लहान ठोकळे जोडून, अनेक कारागिरांकडून कोरून घेत. धूर कुठे दाट आणि गर्दी किती, यात त्यांचाही हात असे. उलट, ज्याला आपण माल म्हणता त्याचा भूगोल चोख आहे. चित्रकार पश्चिम काठावरून ईशान्येकडे पाहतो आहे. वारा नैर्ऋत्येचा होता, आग शहराच्या मध्यभागाकडे रेटली जात होती, आणि माणसे ज्या काठाकडे पळाली तो या पुलापाशी वाचला होता.

मूळ लेखकाचे उत्तर
भूगोलाचा मुद्दा मान्य. मात्र रेखाटताना आपण रोम जळताना फिडल वाजवणारे दुसरे नीरो ठरलो, अशी कबुली चॅपिनने स्वतःच दिली आहे. ती टोचणी न्यूयॉर्कमध्ये एकेक रंग हाताने भरत प्रत पुढच्या बाईकडे सरकवणाऱ्या रंगारी बायकांना कशी असेल? (दोष त्यांचा नव्हे, कामाची रीतच तशी होती.)

प्रतिसाद २
टोचणी हा पुराव्याचा निकष कधीपासून झाला? श्रीमती ओलिअरींच्या गाईने कंदील लाथाडल्याने ही आग लागल्याची कथा वर्तमानपत्रांनी, म्हणजे शब्दांनी, पसरवली आणि शिकागोच्या नगरपरिषदेने त्या बाईंना दोषमुक्त ठरवले ते थेट १९९७ मध्ये. आगीनंतर सुमारे १ लाख माणसे बेघर झाली. ती पळतानाची घाई या शिळाछापात निदान दिसते तरी. भग्नावशेषांच्या छायाचित्रांत मोडक्या भिंती आहेत, पण पुलावरची ती दाटी नाही.