मदत हवी आहे : ऑक्टाव्हियाच्या मूळ स्टिरिओला सीडी चेंजर

गाडी जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया, स्टिरिओ कंपनीचाच, कॅसेटवाला. मुक्काम इंदूर, रामबाग. एका भंगारवाल्याकडून सहा सीडींचा चेंजर (सीडी आपोआप बदलून वाजवणारा डबा) मॅगझिनसकट, म्हणजे सीडी ठेवायच्या खोक्यासकट मिळाला, पण केबल नाही.

स्टिरिओ बाहेर काढून पाहिला. मागे मिनी-आयएसओचा (स्टिरिओला बाहेरची उपकरणं जोडायच्या प्रमाणित सॉकेटचा) निळा, आठ पिनांचा कप्पा रिकामाच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे पिन क्र. १३, १४, १५ या डेटा आणि क्लॉकच्या (स्टिरिओ आणि चेंजर एकमेकांशी बोलतात त्या), १६ कायम १२ व्होल्ट, १७ स्विच होणारा, १८ ऑडिओ ग्राउंड, १९ डावा, २० उजवा. इथल्या एका मेकॅनिकने फक्त १८, १९, २० जोडून मोबाइल लावून दिला. आवाज शून्य! साहजिकच आहे; पलीकडून डेटावर चेंजरचं उत्तर आल्याशिवाय स्टिरिओ त्या इनपुटकडे वळतच नाही.

बॅटरी काढल्यावर स्टिरिओ मागतो तो चार आकडी कोड माझ्याकडे आहे, तेव्हा बॅटरी काढायची भीती नाही. फ्यूज तपासले, रेडिओ आणि कॅसेट ठणठणीत. नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवा, हा सल्ला कृपया नको. डॅशबोर्ड मूळचाच ठेवायचाय आणि बाबांच्या नाट्यसंगीताच्या सीडी वाजवायच्यात. एमपीथ्री लागत नाही.

चेंजर डिकीत डाव्या बाजूला बसवीन, म्हणजे केबल पाचेक मीटर तरी हवी. शिल्ड असलेली वायर घेऊन ती घरीच बनवली तर चालेल का, की डेटाच्या तारांना तयार हार्नेसच (कनेक्टरसकट तारांचा जुडगा) लागतो? आणि चेंजर दुसऱ्या मॉडेलच्या गाडीतला निघाला, तर तो या स्टिरिओशी बोलेल की नाही, हे जोडण्याआधी कशावरून ओळखायचं?