साने गुरुजींनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या होत्या का?

ओवीवाली
आजी दळायला बसली की "पहिली माझी ओवी, पहिला माझा नेम" इथून सुरुवात करायची. आता ती ८६ वर्षांची आहे. तिला आठवतील तशा ओव्या मी वहीत उतरवतेय, ४३ झाल्या. मामा म्हणतो, साने गुरुजींनीही अशा ओव्या छापल्यात. मला गुरुजी 'श्यामची आई'पुरतेच माहीत. कुणी सांगाल का?

खानदेशी मास्तर
ताई, मामा बरोबर सांगतात. 'स्त्री जीवन' नावाचे दोन भाग आहेत. माहेर, भाऊ-बहीण, तान्हं बाळ अशा ओव्या आणि सोबत गुरुजींचं विवेचन. मी अमळनेरचा, आयुष्यभर मराठी शिकवलं. गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कुलात होते. सत्याग्रहासाठी नोकरी सोडली, पुढे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गेले. तिथे दक्षिणेतल्या कैद्यांच्या संगतीत तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळ हा प्राचीन तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणला! जो कान मायबहिणींच्या ओव्यांना लागला, तोच तमिळलाही लागला, असं मला मनापासून वाटतं. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती' मांडली. एका प्रांताच्या माणसाला दुसऱ्याची भाषा, गाणी, चालीरीती शिकता याव्यात, ही तळमळ. पुढच्याच वर्षी, ११ जून १९५० ला ते गेले.

आणखी एक. ज्या विठ्ठलावर घरोघरी ओव्या, त्याच्या पंढरपुरातल्या देवळात दलितांना मज्जाव होता. त्यासाठी गुरुजी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी राहिले. देऊळ खुलं झालं.

सुनंदा_कोकण
गुरुजी पालगडचे, आमच्या दापोलीकडचे, म्हणून अभिमान आहेच. पण त्यांचं विवेचन मला फार हळवं वाटतं. माझ्या आत्याच्या ओव्यांत सासूवरचा रागही होता, तोही तितकाच खरा.

खानदेशी मास्तर
मान्य, सुनंदाताई. म्हणूनच ओवीवाली, रागाच्या ओव्या गाळू नका. आजीची बोलीही 'शुद्ध' करू नका. ती 'व्हता' म्हणत असेल तर 'व्हता'च लिहा. ओवी कुणाकडून शिकली, ते गावासकट शेजारी नोंदवा.

ओवीवाली
आताच विचारलं. २९ वी ओवी तिला गुलबर्ग्याहून आलेल्या शेजारणीने दिली. त्यातले दोन शब्द कानडी आहेत, मी ते चुकून बदलले होते. आता तसेच परत लिहिते.