'प्लेज'ला मराठीत काय म्हणायचं: हमी, वचन, वर्गणी की वायदा?

कोरांटी: हवामान परिषदांच्या बातम्या मराठीत आणायचं काम माझ्याकडे असतं. दर वर्षी एकच शब्द अडतो, 'प्लेज'. कुठे 'हमी' छापतात, कुठे 'वचन', कुठे 'प्रतिज्ञा'. मी स्वतः एकदा 'देशांनी दिलेली हमी' असं लिहिलं आणि नंतर ते मनाला टोचत राहिलं. नेमका शब्द कोणता?

घाटमाथा: हमी अजिबात नको. महाराष्ट्रात या शब्दाला वजन आलं ते रोजगार हमीमुळे. १९७२ च्या दुष्काळातून ती योजना उभी राहिली, १९७७ मध्ये कायदा झाला. काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. म्हणजे हमी मोडली की देणाऱ्याच्या खिशाला चटका बसतो. २०१५ च्या पॅरिस हवामान करारात असं काही नाही. त्याच्या १५व्या कलमात पालनाची समिती आहे, पण ती दंड करणारी नसेल असं तिथंच लिहून ठेवलंय. अशा गोष्टीला हमी म्हटलं की वाचक उगाच निर्धास्त होतो.

बाभूळबन: कोरांटीताई, पॅरिस कराराच्या मूळ कागदात 'प्लेज' नाहीच. तिथे शब्द आहे 'काँट्रिब्यूशन', आणि त्याला आपल्या गावातला चोख शब्द आहे: वर्गणी. जत्रेला दोन तऱ्हांनी पैसा उभा राहतो. पट्टी बसवली तर प्रत्येक घराचा आकडा ठरलेला, नाही म्हणायची सोय नाही. वर्गणीत मात्र ज्याचा आकडा त्यानेच घालायचा. १९९७ चा क्योटो करार म्हणजे पट्टी होती. १९९० च्या तुलनेत युरोपीय संघाने ८ टक्के, जपानने ६ टक्के उत्सर्जन घटवायचं, असे आकडे श्रीमंत देशांच्या नावापुढे लिहिले होते. कमी पडलात तर पुढच्या हप्त्यात तूट भरून वर ३० टक्के जादा. तरी अमेरिकेने त्याला संसदेची मंजुरी घेतलीच नाही आणि २०११ च्या डिसेंबरात कॅनडाने बाहेर पडत असल्याचं कळवलं. पट्टी वसूल होईना म्हणून २०१३ मध्ये वॉर्साच्या हवामान परिषदेत 'बांधिलकी' हा शब्द मागे पडून 'योगदान' आलं, आणि २०१५ मध्ये पॅरिसला सगळ्यांनी वर्गणीवर समाधान मानलं. 'राष्ट्रीय निर्धारित योगदान' हे सरकारी भाषांतर चुकीचं नाही, पण ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. आकडा स्वतःच घातलाय, हे वर्गणी म्हटलं की लगेच कळतं.

जोंधळा: मी तर सरळ 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' म्हणेन.

ओळंबा: म्हणण्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही, आणि यात अर्धवट बरोबर असून भागत नाही. पैशाचं उदाहरण घ्या. २००९ मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत श्रीमंत देशांनी सांगितलं की विकसनशील देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. रक्कम ठरली, मुदत ठरली. मराठीत याला वायदा म्हणतात, आणि वायदा चुकला हे मोजून सांगता येतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये ८३.३ अब्ज आले, २०२१ मध्ये ८९.६, आणि २०२२ मध्ये कुठे शंभरी ओलांडली. भात शिजला, पण दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला मोठा वाटा कर्जाचा, म्हणजे व्याजासकट परत करायचा. त्यामुळे पैशाच्या बातमीत 'वायदा' लिहा आणि क्रियापद सांभाळा. मूळ मजकुरात 'देऊ' नाही, 'उभारू' आहे. खाजगी गुंतवणूकही त्यात धरली जाते. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जांचं ठरलं, तेव्हा बातम्यांत 'देणार' छापलं गेलं. ते बरोबर नव्हतं.

घाटमाथा: क्रियापदावरून आठवलं. पॅरिसला अगदी शेवटच्या तासांत ४थ्या कलमातलं 'शॅल' काढून 'शुड' घातलं गेलं. विकसित देशांनी पुढाकार 'घ्यावा'. आपल्या कायद्यांच्या मराठीत 'शॅल'साठी 'करील' लिहितात आणि ते बंधनकारक असतं. वर्तमानपत्रातलं 'करतील' मात्र नुसता भविष्यकाळ. दोन्ही ठिकाणी रूप एकच, म्हणून फसगत होते. या वाक्यासाठी 'करावं' हेच खरं.

कोरांटी: हे मोलाचं आहे. आणि ग्लासगोच्या परिषदेचं? तेव्हा मी 'कोळसा टप्प्याटप्प्याने बंद' लिहिलं होतं.

ओळंबा: शेवटच्या बैठकीत तोच शब्द बदलला ना. नोव्हेंबर २०२१, भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी नवी ओळ वाचली आणि 'फेज आउट'च्या जागी 'फेज डाउन' आलं. 'बंद'चं 'कमी' झालं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना गहिवरले होते. भारताला दोष देताना एवढं तरी लिहावं की कोळशाचं नाव त्या मजकुरात होतं, तेल आणि वायूचं नव्हतं, आणि ते माणशी जाळण्यात श्रीमंत देश पुढे आहेत. तरी 'कमी' म्हणजे 'बंद' नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं.

आपल्या घरचंही तपासूया. २०२५ मध्ये बातमी आली की भारताची निम्मी वीज बिगरजीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-वायूशिवायची झाली. निम्मी झाली ती स्थापित क्षमता, म्हणजे उभारलेल्या प्रकल्पांची ताकद. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसाच मोठा आहे. 'क्षमता' हा शब्द गाळला की बातमीच खोटी होते.

बाभूळबन: हवामान अहवालांतल्या 'गॅप'चं काय करता? 'दरी', 'अंतर' सगळेच लिहितात.

ओळंबा: तिथे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत दोन्हींना शब्द आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल घ्या. आहेत ती धोरणं तशीच चालली तर शतकाअखेर तापमानवाढ ३.१ अंश. सगळ्यांनी अटींसह ('मदत मिळाली तर') घातलेले आकडेही पुरे पाळले, तरी २.६. थांबायचं होतं १.५ वर. यातलं ३.१ ते २.६ हे बोलण्या-करण्यातलं, त्याला 'तफावत' म्हणावं. २.६ ते १.५ ही मात्र 'तूट'. म्हणजे सगळ्यांनी वर्गणी वेळेवर भरली तरी जत्रा होत नाही, कारण आकडेच कमी घातलेत. 'दरी' म्हटलं की हे दोन्ही एकात मिसळतं आणि सगळा दोष न पाळण्यावर जातो. या तुटीबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जोंधळा: पटलं. माझी कढी मागे घेतो. एक शंका: हवामानबदलाने होणाऱ्या हानीसाठीच्या 'लॉस अँड डॅमेज' निधीला सगळीकडे 'नुकसानभरपाई निधी' म्हणतात. ते चालेल?

घाटमाथा: नाही हो. तो निधी २०२२ मध्ये शर्म अल-शेखला ठरला, पण पॅरिसच्या निर्णयाचा ५१वा परिच्छेद सांगतो की हानीबद्दलच्या ८व्या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा आधार निघत नाही. श्रीमंत देशांनी हट्टाने घातलेली ओळ आहे ती. आपण 'भरपाई' लिहिलं की त्यांनी जे नाकारलं तेच त्यांनी दिलं असं वाचकाला वाटतं. 'हानी निधी' पुरे.

कोरांटी: पण जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भरपाईबद्दल काही म्हटलं होतं ना?

घाटमाथा: हो. वानुआतू या छोट्या बेटदेशाच्या पुढाकाराने मागितलेलं ते सल्लागार मत. कर्तव्य मोडलं आणि हानीशी संबंध सिद्ध झाला तर भरपाई देणं लागू शकतं, असं त्यात आहे. त्या बातमीत 'भरपाई' जरूर लिहा, ताई. निधीच्या बातमीत नको.