कोरियन बेसबॉलचा एकच जुना सीझन बघायचा तर कुठला? (सुवॉनहून विचारतेय)

सांगलीची_सुवॉनला
नमस्कार मंडळी, सुवॉनला येऊन वर्ष होत आलं. इथे नवऱ्याच्या ऑफिसात, लिफ्टमध्ये, खालच्या मजल्यावरच्या आजींकडे, जिथे जावं तिथे बेसबॉल. आम्ही दोघं पक्के क्रिकेटवाले, त्यामुळे नुसतं हो हो करतो. आता थंडीत सीझन बंद आहे आणि मार्चअखेर नवीन सुरू होईल, तोवर एखादा जुना सीझन धरून बघावा म्हणतेय. कुठला बघू? आणि मॅचला घरचा डबा नेता येतो का, मी शाकाहारी आहे.

डगआउटवाला
डोळे झाकून 2024. तुम्ही सुवॉनला आहात म्हणजे केटी विझ तुमची घरची टीम आणि त्या वर्षी त्यांनी जे केलं ते आधी कुणालाच जमलं नव्हतं. इथे 10 टीम, प्रत्येकीच्या 144 मॅच, सोमवार सोडला तर रोज खेळ. शेवटी पहिल्या पाच जणी प्लेऑफला जातात पण सगळ्यांना सारखा मान नाही, पहिली थेट फायनलला बसते आणि बाकीच्या खालून एकेक पायरी चढत येतात. पाचव्या नंबरला चौथ्याशी लागोपाठ दोनदा जिंकावं लागतं, चौथ्याला एक विजय किंवा नुसती टाय पुरते. 2015 पासून हा नियम आहे आणि पाचवी टीम दरवर्षी तिथेच गार व्हायची. 2024 ला केटी आणि एसएसजी पाचव्या जागेवर बरोबरीत, म्हणून सुवॉनलाच एक जादा मॅच झाली, आठव्या इनिंगला (एकूण नऊ असतात) केटी मागे आणि त्यांच्या रोहासने तीन रनचा होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा, मारून 4-3 केलं. मग सोलला जाऊन चौथ्या नंबरच्या दूसानला 4-0 आणि 1-0. दूसानला दोन मॅचमध्ये एक रन नाही हो!! पुढे एलजीने पाच मॅचमध्ये बाहेर काढलं ती गोष्ट वेगळी.

पिठलं_विथ_किमची
+1 पण फक्त प्लेऑफ बघू नका. 25 जून 2024 ची बुसानची मॅच शोधा, किया टायगर्स 14-1 ने पुढे. 14-1! आपल्याकडे लोक पार्किंगमधून गाडी काढायला निघाले असते. बुसानच्या लोट्टेने एकेक करत 15-14 केलं, मग कियाने बरोबरी साधली आणि 12 इनिंग खेळून 15-15 टाय. हो, इथे टाय असते.
कियाचा किम दो-यॉंगपण बघा, पोरगा 2003 चा, 38 होमरन आणि 40 बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसवर पळायचं) त्या सीझनला. आणि फील्डिंगमध्ये 30 चुका, लीगमध्ये सगळ्यात जास्त 😄 तरी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) तोच.

खडूस_काका
माझं मत 2023. एलजी ट्विन्सला 1994 नंतर कप नव्हता. त्यांच्या ग्रुपच्या अध्यक्षांनी नव्वदच्या दशकातच एक रोलेक्स घेऊन ठेवली होती, पुढच्या वेळी जिंकू तेव्हा फायनलच्या एमव्हीपीला द्यायची म्हणून. ते 2018 ला वारले, घड्याळ तिजोरीतच. 2023 ला अखेर जिंकले, कॅप्टन ओ जी-ह्वानला घड्याळ मिळालं आणि त्याने ते कंपनीकडेच परत ठेवायला दिलं. डोळ्यात पाणी येतं की नाही सांगा.

डगआउटवाला
काका पण त्या फायनलला एलजीने 4-1 ने हरवलं कुणाला? केटीलाच. ताईंना पहिल्याच सीझनला घरच्या टीमची हार कशाला दाखवताय. 2024 ला किया आणि सॅमसंगची फायनल, पहिली मॅच सहाव्या इनिंगला पावसाने थांबली, दोन दिवसांनी तिथूनच पुढे खेळवली आणि त्याच संध्याकाळी दुसरीपण उरकली. कियाने दोन्ही मारल्या. त्यांचा पिचर, म्हणजे आपला बोलर, नेल, ऑगस्टमध्ये चेंडू लागून जबडा मोडला होता, ऑपरेशन झालं आणि पहिल्या मॅचला हा उभा! कप 4-1 ने कियाचा, त्यांचा 12 वा.

सांगलीची_सुवॉनला
अहो निकाल सांगून टाकलात की!! 😭

डगआउटवाला
सॉरी सॉरी, लिहिण्याच्या नादात. पण 15-15 वालं पिठलं यांनी आधी फोडलंय, सगळा दोष माझ्यावर नको.

भाकरवडी_जामशिल
डब्याचं सांगते. बाहेरचं खाणं खुशाल नेता येतं, लोक चिकनच्या पिशव्या घेऊनच येतात. काचेची बाटली आणि कॅन गेटवर अडवतात, पाण्याची छोटी प्लास्टिकची चालते. मी थेपले नि लोणचं नेते, शेजारच्या काकू दरवेळी एक मागून घेतात.
तिकीट मात्र बाजू बघून काढा. इथे दोन्ही टीमचे चाहते वेगवेगळ्या बाजूला बसतात, जामशिलला (सोलचं स्टेडियम) घरची टीम पहिल्या बेसकडे. मी तेच नेहमीचं धरून ग्वांगजूला, कियाच्या घरी, पहिल्या बेसकडची सीट घेतली, तिथे आणि देगूला घरचे तिसऱ्या बेसकडे असतात म्हणे. अख्खी मॅच कियाची जर्सी घालून पाहुण्यांच्या गोटात बसले, प्रत्येक बॅटरचं वेगळं गाणं आणि त्यावर सगळे उभे राहून हात करताहेत, मी एकटी बसलेली. शेवटी मीपण केले हात, काय करणार.

पिठलं_विथ_किमची
😂😂 शिवाय 2024 ला गर्दी पहिल्यांदाच 1 कोटीच्या वर गेली, तेव्हापासून वीकेंडची तिकिटं बुकिंग उघडल्या उघडल्या जातात. मंगळवार-बुधवार धरा.
आणि त्याच वर्षीपासून बॉल की स्ट्राइक (चेंडू बॅटरला मारता येण्याच्या टप्प्यात होता की नाही) हे मशीन ठरवतं, अंपायर कानात ऐकून नुसता हात वर करतो. क्रिकेटवाल्यांना बरं, एलबीडब्ल्यूसारखा वाद नाही.

सांगलीची_सुवॉनला
काल 25 जूनची लावली. निकाल माहीत असूनसुद्धा 14-1 ला नवरा म्हणाला बंद कर, मी म्हटलं दहा मिनिटं थांब. दीड वाजला. सकाळी लिफ्टमध्ये खालच्या आजींना मोडक्या कोरियनमध्ये "रोहास होमरन" एवढंच म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला तो ग्राउंड फ्लोअरपर्यंत सोडलाच नाही. मार्चमध्ये मला घेऊन जाणार आहेत. त्यांच्यासाठी डब्यात काय नेऊ, तिखट चालेल का त्यांना?

भाकरवडी_जामशिल
तिखटाची काळजी कोरियन आजींची करताय?? ठेचा न्या.