‘सेट’ नाही, आता ‘रन’

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ ‘सेट’ या शब्दाचे, असं नेहमी म्हटलं जातं. ते १९८९च्या ऑक्सफर्ड शब्दकोशापुरतं खरं. तिथे या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ होते. पुढच्या सुधारणेत ‘रन’ने बाजी मारली. नुसत्या क्रियापदाचे ६४५!

समानार्थी शब्दांची यादी इथे फारशी कामाची नाही. ‘स्प्रिंट’, ‘जॉग’, ‘डॅश’ पायांपुरते ठीक. नळाला, मशीनला, दुकानाला ते कसे लावणार? हा ‘रन’ आमच्या नागपुरी बोलीत उतरवून बघा: इंजिन चालून राहिलं, नाक वाहून राहिलं, शर्टाचा रंग जाऊन राहिला, दुकान भाऊ चालवून राहिला. दर वेळी क्रियापद बदलतं, ‘राहिलं-राहिला’ मात्र हलत नाही.

मला सगळ्यात मजा वाटते निवडणुकीची. अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’. आपलाही उभाच राहतो (धावपळ कार्यकर्त्यांची). बँकेवर ‘रन’ आला तर तिथे पैसे काढणाऱ्यांची झुंबड. आणि नागपूरच्या जामठा स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की धावा फक्त पेपरात. स्टँडमध्ये सगळे रनच मोजतात.