दहावीचं गणित, ऊसतोड आणि सव्वापाचची एसटी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शाळेला वसतिगृह नाही. यंदा दहावीचा वर्गशिक्षक आहे. सहामाहीचे पेपर तपासून झाले. ४१ पैकी १४ जण गणितात गचकलेत. मुख्याध्यापकांचा उपाय ठरलेला : जादा तास घ्या. माझी ना नाही, पण आधी दुखणं तर कळू दे.

स्टाफरूममध्ये विचारलं की उत्तर तयार असतं. "आठवीपर्यंत ढकलत आणलेली पोरं, दुसरं काय होणार?" नाहीतर मोबाइल. पण ढकलगाडीतून तर पास झालेले २७ जणही आलेत, आणि मोबाइल त्यांच्याकडे जास्त भारी आहेत.

म्हणून नववीचं हजेरीपत्रक काढून बसलो. १४ पैकी ९ जण गेल्या वर्षी दिवाळीनंतर गायब. आईबाप ऊसतोडीला जाणारे, मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्याकडून) उचल म्हणजे आगाऊ मजुरी घेतलेली, कारखान्याची गाडी आली की बिऱ्हाड निघालं, मागे पोराला सांभाळायला कुणी नाही. गावातलं हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांचं. परत आली ती थेट वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. मधल्या काळात आमच्याकडे दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवून झाली होती, आणि दहावीचं बीजगणित सुरू होतं नेमकं त्याच धड्यापासून! म्हणजे जूनमध्ये मी फळ्यावर क्ष आणि य मांडले तेव्हाच ही मुलं मागे पडलेली होती. मी मात्र चार महिने त्यांना 'कच्ची' म्हणत होतो.

यंदा दहावी आहे म्हणून त्यांना आजीपाशी ठेवलंय. हजेरी बरी आहे, पण एक मुलगी धाकट्या दोघांचं आवरून, भाकरी थापून येते तोवर पहिला तास संपलेला असतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. त्यामुळे मधल्या सुट्टीत खालच्या वर्गांची खिचडीची पंगत बसते आणि आमची नववी-दहावीची डबा नसलेली पोरं नळावर पाणी पिऊन येतात. भूमितीचा तास नेमका त्यानंतर. (वेळापत्रक मीच केलंय, हे कबूल करतो.)

जादा तास शाळा सुटल्यावर ठेवावेत तर वाड्यांवर जाणारी शेवटची एसटी सव्वापाचला. मुलींना पास फुकट आहे, पण गाडीच निघून गेल्यावर पासाचं करायचं काय?

बोर्डाच्या निकालाकडे बघून यातलं काही कळत नाही. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २०. अंतर्गतमध्ये हात सैल सोडला की ३५ गाठायला लेखीत थोडेच लागतात. मूल पास होतं, अकरावीला जातं आणि तिथे बसतं.

तर विचारायचं हे, की फेब्रुवारीपर्यंत या ९ जणांचा नववीचा खड्डा भरू की दहावीचाच भाग रेटू? आणि तास ठेवू कधी? अशा शाळेत काम केलेल्यांनी सांगावं. 'पालकांचं प्रबोधन करा' हे कृपया नको, पालक कर्नाटकात फडावर आहेत.

निवृत्त_बाई : सर, सगळा खड्डा आता भरत नाही. धनऋण चिन्हं, कंस सोडवणं, समीकरणाची बाजू बदलणं एवढंच घ्या, पंधरा दिवसांत होतं. मग पेपरकडे वळा. बीजगणित आणि भूमिती, ४० गुणांच्या या प्रत्येक भागात पहिल्या प्रश्नाला ८ गुण, आणि चौकटी भरायच्या कृती २(अ) व ३(अ) मिळून ७. हे १५ गुण या मुलांच्या आवाक्यातले असतात. बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी आधी घ्या, त्याला नववीचं ओझं कमी. आणि त्या मुलीला पहिल्या तासाला उशीर झाला म्हणून उभं करू नका. करत नसालच, पण सांगून ठेवते.

कोयत्यावरचा_पोरगा : मी यातूनच दहावी झालो. आमच्या सरांनी मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं धरली होती. स्वतःचा डबा घेऊन आमच्यात बसायचे, खाता खाता तोंडी गणितं. डबा नसलेल्याला त्यातच घास मिळायचा, कुणाला कळायचंही नाही. अजून एक, आईचा फोन रात्री नऊनंतर लागतो. पोरगं चांगलं करतंय एवढं तिला सांगा, नाहीतर जानेवारीत 'हाताखाली ये' म्हणून निरोप येतो. माझ्या भावाला तसाच आला होता.

धागाकर्ता : बाई, तोंडावर मारलंत. गेल्या आठवड्यातच तिला उभं केलं होतं. भूमिती सोमवारपासून दुसऱ्या तासाला आणतोय, पहिला तास पीटीच्या सरांनी घ्यायचं कबूल केलंय. डब्याचं उद्यापासूनच सुरू करतो. अजून एक विचारतो : नऊपैकी दोघांच्या घरी फोनच नाही, आणि मुकादम माझा फोन उचलत नाही. अशा वेळी तुम्ही निरोप कुणाच्या हाती धाडायचात?