मदत हवी आहे: लाईट जाऊन आली की ग्लूटन आणि क्यूबिटटोरंट धड उठत नाहीत

मंडळी, नासवर (घरच्या नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) चालवणारं कोणी असेल तर जरा बघा.

सेटअप असा आहे. सांगलीला घरी दोन बेचा (दोन डिस्क बसणारा) नास, राउटरशेजारी कपाटावर ठेवलेला. मी पुण्यात, त्यामुळे टेलस्केलने (लांबून घरच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) आत शिरून सगळं लांबूनच करतो. एकाच कंपोज फाईलमध्ये (कंटेनर कसे उठवायचे ते लिहिलेली फाईल) ग्लूटन (व्हीपीएन जोडणारा कंटेनर) आणि क्यूबिटटोरंट (टोरंट डाउनलोड करणारा) आहेत. क्यूबिटटोरंटला स्वतःचं नेटवर्क दिलेलंच नाही, नेटवर्क मोड ‘सर्व्हिस ग्लूटन’ आहे, म्हणजे व्हीपीएन पडलं की डाउनलोड पण थांबतं, घरच्या आयपीवरून काही बाहेर जात नाही. वेब यूआयचं ८०८० पोर्ट ग्लूटनच्याच खाली लिहिलंय. नेट अ‍ॅडमिन (नेटवर्क बदलायची परवानगी) दिलंय, टन डिव्हाइस (व्हीपीएनच्या बोगद्याचं आभासी नेटवर्क कार्ड) दिलंय, वायरगार्ड (व्हीपीएनचा प्रोटोकॉल), सर्व्हर सिंगापूरचा. आणि काय डाउनलोड करतोस हे विचारायच्या आधीच सांगतो, लिनक्सच्या आयएसओ आणि इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, ती कायम सीड करत (इतरांना डाउनलोडसाठी खुली) ठेवायची आहेत. हसू नका, खरंच तेवढंच आहे.

आता लफडं. वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाईट जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो मग नास बंद. लाईट आली की नास आपोआप चालू होतो पण ग्लूटन वर येतच नाही, लॉगमध्ये ‘डेव्ह नेट टन, नो सच फाईल’ असं काहीतरी येतं. हे एक. दुसरं म्हणजे कधी कधी लाईट वगैरे काही गेलेली नसते, ग्लूटन हेल्दी दिसतंय, त्यात शिरून आयपी बघितला तर सिंगापूरचा येतोय, पण क्यूबिटटोरंटचं पान उघडत नाही आणि सुरू करायला गेलं की ‘कॅनॉट जॉइन नेटवर्क ऑफ अ नॉन रनिंग कंटेनर’. अरे तो रनिंग आहे की समोर! इमेज (ज्यावरून कंटेनर बनतो तो साचा) आपोआप अपडेट करायला वॉचटॉवर लावलंय, त्याचा संबंध असेल का? बाबांना फोन करून नासचं बटण दाबायला सांगता येतं पण त्यापुढे काही सांगायची सोय नाही, ते आधीच म्हणतात की त्या डब्याचं वीजबिल कोण भरतंय. त्यामुळे आपोआप उठेल असं काहीतरी पाहिजे.

प्रतिसाद १

धागाकर्ते, हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

पहिला सोपा आहे. बऱ्याच नासच्या ओएसमध्ये टनचं कर्नल मॉड्युल असतं पण बूट होताना लोड होत नाही. तुम्ही पहिल्यांदा सेटअप करताना कुठलं तरी गाइड बघून इन्समॉडची (मॉड्युल लोड करायची) कमांड मारली असणार, ती फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकते. टास्क शेड्युलरमध्ये बूट-अपला चालणारा टास्क करा, युजर रूट ठेवा, त्यात तीच इन्समॉडची ओळ टाका.

दुसरा वॉचटॉवरचाच. ‘सर्व्हिस ग्लूटन’ लिहिलं तरी डॉकर आतमध्ये त्या वेळच्या ग्लूटन कंटेनरचा आयडी धरून ठेवतो. वॉचटॉवर नवीन इमेज आली की जुना कंटेनर उडवून त्याच नावाचा नवीन बनवतं, आयडी बदलतो, आणि क्यूबिटटोरंट जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसतं. म्हणून नुसतं रीस्टार्ट करून भागत नाही, क्यूबिटटोरंट पण नव्याने बनवावा लागतो. ग्लूटनला वॉचटॉवरमधून लेबल लावून वगळा आणि अपडेट हाताने करा, पुल करून (नवीन इमेज उतरवून) कंपोज अप, मग कंपोज दोन्ही बरोबर बनवतो. व्हीपीएनचा कंटेनर आपल्या नकळत अपडेट होणं तसंही मला पटत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांना +१. फक्त एक भर. कंपोज फाईलच्या डिपेंड्स ऑनमध्ये (कोण कोणानंतर उठायचं ते) ‘सर्व्हिस हेल्दी’ची अट घातली की बूटचा प्रश्न सुटला असं खूप जण समजतात, तसं नाहीये. ती अट कंपोजने उठवलं तरच पाळली जाते. रीबूटनंतर डॉकर स्वतः कंटेनर उठवतो तेव्हा तो कंपोजची फाईल वाचतच नाही. तिथेच खाली ‘रीस्टार्ट ट्रू’ लिहायची सोय आहे, ती पण कंपोजच्या कमांडपुरतीच, ग्लूटन आपणहून पडून उठला तर तिचा उपयोग नाही.

म्हणून त्याच बूट-अप टास्कमध्ये इन्समॉडनंतर थोडा स्लीप द्या, राउटर आणि फायबरचा डबा नासपेक्षा उशिरा जागा होतो, आणि मग कंपोज अप, डॅश डी, फोर्स रिक्रिएट (म्हणजे दोन्ही कंटेनर नव्याने बनतात). अट घातलेली असेल तर ग्लूटनचा बोगदा लागल्यावरच क्यूबिटटोरंट उठेल.

धागाकर्ता

आभारी आहे दोघांचा! फोर्स रिक्रिएट केलं तर टोरंटची यादी उडणार नाही ना? शेकडो पुस्तकं आहेत, सगळी परत रीचेक करायची म्हणजे तो नास दिवसभर घरघरत बसेल.

प्रतिसाद २

कॉन्फिगचा फोल्डर नासवर माउंट केलेला असेल तर काही उडत नाही, कंटेनर म्हणजे नुसतं टरफल. कंपोजमध्ये व्हॉल्यूमच्या ओळीत कॉन्फिग दिसतंय का तेवढं बघून घ्या. आणि क्यूबिटटोरंटच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये नेटवर्क इंटरफेस ‘टन झिरो’ (व्हीपीएनचा बोगदा) निवडा, दुहेरी कडी.

प्रतिसाद ३

जरा अवांतर, पण सीडच करायचं आहे तर तुमच्या व्हीपीएनला पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारं कनेक्शन तुमच्यापर्यंत पोचवायची सोय) आहे का? घरचं कनेक्शन सीजीनॅटच्या (एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटणं) मागे असेल तर बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी येऊ शकत नाही, आणि फॉरवर्डिंग नसलेल्या व्हीपीएनवर पण तीच गत. सगळ्यांकडे ते नसतं, मुलवाड व्हीपीएनने २०२३ मध्ये बंद केलं, प्रोटॉन व्हीपीएनकडे आहे पण पोर्टचा नंबर बदलत राहतो. ग्लूटनला नवीन पोर्ट मिळाल्यावर चालवायची कमांड देता येते, तीच क्यूबिटटोरंटला नंबर कळवते.

धागाकर्ता

कॉन्फिग माउंट आहे, बघितलं. टास्क टाकून लांबूनच रीबूट मारला, दोन्ही आपापले वर आले, टन झिरो पण निवडलं. वॉचटॉवरमधून ग्लूटन वगळलं. पोर्ट फॉरवर्डिंग माझ्या प्लॅनमध्ये नाहीये, प्लॅन संपत आला की बघतो. ती कमांड कोणाकडे चालू स्थितीत असेल तर इथेच टाकून ठेवा, लोकलहोस्टला पासवर्ड माफ करावा लागतो का तेही सांगा.

प्रतिसाद ३

हो, वेब यूआयच्या सेटिंगमध्ये ‘बायपास फॉर लोकलहोस्ट’ला टिक करावी लागते. दोघांचं नेटवर्क एकच असल्याने ग्लूटन त्याला लोकलहोस्टच वाटतो. माझी कमांड रात्री घरी गेल्यावर टाकतो.